पाहुण्याला खुर्ची

"बाई, हितं मन लागंल का तुमचं?" गडदे सरांनी मला शाळेतल्या पहिल्याच दिवशी विचारलं, आणि मी सरळ "नाही" म्हणाले. एवढं खरं बोलायचं कारण म्हणजे मी त्यांच्या घोंगडीवर बसले होते.

शाळा वारंगा फाट्यावरून आत. मी वसमतहून एस.टी.नं यायची, भूगोल शिकवायला. स्टाफरूममध्ये माणसं जास्त आणि खुर्च्या कमी. नव्या बाईला खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही, की सुचून दिली नाही, देव जाणे. सगळे वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. तेव्हा कोपऱ्यातला एक उंच, किडकिडीत माणूस उठला. त्यानं खांद्यावरची काळी घोंगडी झटकली आणि खाली अंथरली. मी अडखळले. मी बौद्ध घरातली. धनगराच्या घरी घोंगडी म्हणजे देवाचं आसन, हे मला ठाऊक होतं. सर म्हणाले, "बसा वो. मेंढरं कुणाची जात इचारत न्हाईत, आन् लोकर त्यांचीच हाय." मी बसल्यावर म्हणाले, "आता एक ध्यानात ठेवा. आमच्यात हिच्यावर बसून खोटं बोलत न्हाईत." आणि मग तो प्रश्न.

माझं "नाही" ऐकून ते म्हणाले, "बराबर."

या 'बराबर'नं मला पुढं फार छळलं. सर मराठी शिकवायचे, आणि पोरानं काहीही सांगितलं तरी "बराबर. पुढचा प्रश्न." माझा वर्ग शेजारी, मधली भिंत नावाला. मला इकडं सगळं ऐकू यायचं आणि डोकं तडकायचं. एकदा न राहवून मी म्हणाले, "सर, साफ चुकलंय की त्याचं!" तर म्हणाले, "चुकलंय. पर बोललं तर लेकरू. आज तोंड उघडलंय, उद्या दुरुस्त करू." आणि दुसऱ्या दिवशी खरंच त्या पोराला गाठून दुरुस्त करायचे, एकट्याला, नळाजवळ वगैरे. वर्गात ते फळ्याजवळ थांबतच नसत. तारीख लिहायची आणि मागच्या बाकाच्या मागं जाऊन उभं राहायचं. लहानपणी बापाबरोबर मेंढरामागं हिंडलेले. राखणारा मागंच असतो, असं त्यांचं म्हणणं. साहेब लोक तपासणीला आले की आधी मास्तर कुठं आहे ते शोधायचे.

मराठीच्या पेपरात तेव्हा एक प्रश्न हमखास असायचा. 'तुमच्या शाळेत एक प्रसिद्ध गिर्यारोहक आले आहेत, अशी कल्पना करून त्यांच्या मुलाखतीसाठी प्रश्न तयार करा.' दुसऱ्या शाळांत गाइडातले प्रश्न पाठ करून घ्यायचे. आपल्याला प्रेरणा कुठून मिळाली, आपला आदर्श कोण, तरुणांना काय संदेश द्याल. सरांना त्या 'प्रेरणा' शब्दाचा भयंकर राग. त्यांचा एकच नियम होता. "ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठावं हाय, ते इचारायचं न्हाई. पाहुण्याचा टाइम काहून खायचा?"

मग एका पोराला गिर्यारोहक करून टेबलावर घोंगडी अंथरून बसवायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं. आमच्या भागात उंच म्हणजे पाण्याची टाकी. पोरांनी डोंगर पाहिलेला तो कॅलेंडरवर. त्यामुळं प्रश्न एकेक असे निघायचे की मी भिंतीपलीकडं खडू हातात धरून ऐकत राहायची. वर चहाला उकळी येते का? संडासला कुठं बसायचं? वर गेल्यावर देवाला हात जोडायचे तर वर बघायचं की खाली? एकीनं विचारलं होतं, तुम्ही खाली येईस्तोवर तुमची आई काय करत असते? टेबलावरच्या पोराला उत्तर येत नसलं की ते म्हणायचं, "ठावं न्हाई," कारण घोंगडीवर थापा मारता यायच्या नाहीत. सर म्हणायचे, "बराबर. ठावं न्हाई हेबी उत्तरच हाय."

मी एकदा विचारलंच, "सर, पोरगं खोटं गिर्यारोहक, आणि बसवता खरं बोलायच्या घोंगडीवर. जमायचं कसं?"

"सोंग खोटं असतंय बाई. सोंगात जे तोंडातून निघतंय ते न्हाई."

एका साली तपासणीचे साहेब त्या तासाला येऊन टपकले. हा काय तमाशा म्हणून डोळे वटारले. सरांनी पोराला उतरवलं आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमीच बसा. लेकरांना खरा माणूस भेटंल." साहेबही हौशी, बसले. पहिल्याच पोरीनं विचारलं, "साहेब, तुमाला आमची शाळा बघायला आवडतंय का?" साहेबांनी तोंड उघडलं, घोंगडीकडं बघितलं, मागं उभ्या सरांकडं बघितलं. म्हणाले, "न्हाई गं बाई. इथलं जेवण चांगलं असतंय म्हणून येतो." वर्ग असा हसला की हेडमास्तर पळत आले. साहेब स्वतःही हसत होते. त्या दिवशी त्यांना चुलीवरच्या भाकरी आणि ठेचा गडदे सरांच्या घरूनच आला होता, कौसाबाईंच्या हातचा. कौसाबाई म्हणजे सरांच्या बायको. शाळेमागच्या गल्लीत घर, पोरगा एकच, सोपान.

सोपान आमच्याच शाळेत, सरांच्याच वर्गात. शाळेत 'सर', घरी 'आबा'. नववीत असताना एकदा त्याचा नंबर लागला घोंगडीवर बसायचा. बाकीची पोरं मुद्दाम अवघड विचारायला लागली, सरांचा पोरगा ना! एकानं विचारलं, "बर्फात हात बधिर झाल्यावर ते आपल्याला हायत का न्हाईत, कसं कळतंय?" सोपाननं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि जरा वेळ त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "बघून. कळत न्हाई म्हणून बघत राहायचं." सर "बराबर" म्हणाले, आणि 'पुढचा प्रश्न' म्हणायचं त्या दिवशी विसरले. भिंतीपलीकडं मला ते जाणवलं. पोराचा अभिमान वाटला होता त्यांना, दुसरं काय.

बारावी झाल्यावर सोपान फौजेत भरती झाला. नांदेडला भरती होती, पळण्यात पहिल्या पोरांत आला. काही वर्षांनी त्याची नेमणूक बर्फावर झाली. सुटी संपवून निघाला त्या दिवशी मी पोचवायला गेले होते. कौसाबाई घोंगडी त्याच्या ट्रंकेत कोंबत होत्या आणि तो काढून ठेवत होता. "आये, सरकार देतंय की कपडे. तिथं घोंगडी घेऊन गेलो तर हसतील सगळे." त्यांनी परत कोंबली, त्यानं परत काढली, घडी घातली आणि सरांच्या खांद्यावर टाकली. "शाळेत लागती आबांना," म्हणाला. ट्रंकेचं झाकण मग नीट बसलं.

बर्फाचा कडा कोसळला, असं तारेत आलं. पुढं पेटी आली. बरोबरच्या जवानांनी हलक्या आवाजात सांगितलं, पेटी उघडू नका. सर म्हणाले, "बापाला बघू द्या." आतल्या खोलीत नेली. दाराशी त्यांनी मला बोलावलं. "बाई, हिला धरून बसा. आत येऊ देऊ नका." मी कौसाबाईंना घट्ट धरलं. त्या ओरडत होत्या, मला ढकलत होत्या, आणि मला एवढंच दिसत होतं की त्यांच्या हिरव्या बांगड्या माझ्या मनगटावर फुटल्या आहेत. बऱ्याच वेळानं सर बाहेर आले. "सोपानच हाय," म्हणाले. आणि मग, कुणीही काहीही विचारलेलं नसताना, "बराबर."

तेरावं झालं आणि ते शाळेत रुजू झाले. तारीख लिहिली आणि मागच्या बाकामागं जाऊन उभे राहिले. पोरं उत्तरं देत होती, सर "बराबर, पुढचा प्रश्न" म्हणत होते, आवाज तोच. फक्त आता दुसऱ्या दिवशी नळाजवळ कुणाला गाठत नव्हते. चुकलेलं तसंच राहायचं. आणि तो गिर्यारोहकाचा धडा त्यांनी घेणं बंद केलं. पोरांनी गाइडातली प्रेरणा पाठ केली.

एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सर खाली घोंगडीवर बसून डबा खात होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, भूगोलात काई दिलंय का? बर्फाखाली गेलेल्या माणसाला कितीक वेळ समजत राहतंय?"

"नाही सर," मी म्हणाले. "भूगोलात नुसती उंची असते."

त्यांनी घास संपवला. "त्याच्या हाताला नखं न्हाईत, बाई. बोटं सोललेली हायत. आतून उकरत व्हता."

'दुसऱ्या कशानं झालं असेल' असं काहीतरी मला म्हणायचं होतं. पण ते घोंगडीवर बसून बोलत होते, तिथं माझ्या शब्दाला जागाच नव्हती. रडूही आलं नाही. घंटा झाली, मी उठले आणि आठवीला मोसमी वारे शिकवले. नीट शिकवले, नकाशा काढून शिकवले. त्याचं मला अजून नवल वाटतं.

हे त्यांनी मला सांगितलं, कौसाबाईंना नाही. आणि कौसाबाई तर तेच विचारत होत्या. दुसरं काही त्यांच्या तोंडात नव्हतंच. "लेकराला तकलीफ झाली का?" सरांना विचारायच्या तेव्हा सर घोंगडीवर असले तर उठायचे आणि रांजणात पाणी आहे का बघायला जायचे. घोंगडीवर नसले तरी जायचे. कौसाबाई काही खुळ्या नव्हत्या. मला म्हणायच्या, "बाई, ह्यांनी नुसतं न्हाई म्हणावं. येवढंच. काहून म्हणत न्हाईत?"

मी म्हणाले, "नसेल झाली हो वहिनी. झटक्यात गेला असेल."

"तुमी बर्फ बघितलाय का?"

फाट्यावर सुटीवर आलेला कुणी फौजी दिसला की त्या गाठायच्या. तो "न्हाई काकू, काईच कळत न्हाई" म्हणायचा, पण म्हणायच्या आधी सरांच्या तोंडाकडं बघायचा. कौसाबाईंच्या ते नजरेतून सुटायचं नाही. आणि मग एका हिवाळ्यात त्यांनी अंगावर पांघरूण घेणं सोडलं. गोधडी नाही, शाल नाही, काही नाही. "त्याला न्हवतं, मला कशाला?" रात्री सर त्यांच्या अंगावर घोंगडी टाकायचे, सकाळी ती घडी घालून उशाला ठेवलेली असायची. छाती भरायची, खोकून खोकून बरगड्या दुखायच्या. कळमनुरीच्या डॉक्टरांनी दर हिवाळ्याला तेच सांगितलं, ऊब द्या. एका पौषात तर त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर सरांना बाजूला घेऊन म्हणाले, पुढचा हिवाळा असा काढला तर माझ्या हातात काही नाही. मला कौसाबाईंचा राग आला, सरांचा त्याहून जास्त आला. एका शब्दासाठी बाई मरायला टेकली आणि हा माणूस रांजण बघतोय!

अशात एक दिवस हेडमास्तर स्टाफरूममध्ये आले ते फुललेल्या चेहऱ्यानं. एक प्रसिद्ध गिर्यारोहक नांदेडला व्याख्यानाला येणार होते, पुण्याकडचे, आणि हिंगोलीला जाताना तासभर आमच्या शाळेत थांबणार होते. ओळखीतून जमवलं होतं. "मुलं मुलाखत घेतील. गडदे सर, तयारी तुम्हीच—" आणि तिथं त्यांना आठवलं. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले.

सर म्हणाले, "बराबर. घेतो."

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून इतक्या वर्षांनी ते ऐकू आलं. "प्रेरणा खोडा. ज्याचं उत्तर ठावं हाय ते इचारायचं न्हाई." पोरं नवी होती, पण प्रश्न तेच निघाले. चहाला उकळी येते का. संडास. देव. सर मागं उभे राहून "बराबर" म्हणत होते. तास संपल्यावर ते माझ्या दारात आले. "बाई, पाहुण्याला घरी चहाला नेणार हाय. तुमीबी या."

मला लख्ख कळलं कशाला. त्या घरी पाहुण्याला घोंगडीवर बसवणार, आणि बर्फ पाहिलेला माणूस घोंगडीवर बसून कौसाबाईंना खरं सांगणार. मी म्हणाले, "सर, काहून विचारता? तुम्हाला तर ठावंच हाय."

"व्हय," ते म्हणाले. "मला ठावं हाय."

पाहुणे आले. मला वाटलं होतं धिप्पाड गडी असेल, तर हा बारीक, काळासावळा, हळू बोलणारा माणूस. डाव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे नव्हते, बर्फानं खाल्लेले. पोरांवर जाम खूश झाले. "चहाला उकळी लवकर येते, पण चहा गरम लागत नाही," म्हणाले, तर पोरं हळहळली. संडासच्या प्रश्नाला त्यांनी खरंखुरं, सविस्तर उत्तर दिलं आणि हेडमास्तर लाजेनं लाल झाले. एका पोरीनं विचारलं, "तुमची बोटं गेली तेव्हा दुखलं का?" ते म्हणाले, "तेव्हा नाही. परत ऊब मिळाल्यावर दुखलं." सर सगळ्यांच्या मागं उभे होते. त्यांनी स्वतः एकही प्रश्न विचारला नाही.

मग घरी गेलो. भावकीतली माणसं ओट्यावर जमली होती. कौसाबाईंनी घर सारवल्यासारखं पुसून घेतलं होतं आणि मधोमध घोंगडी अंथरली होती, वर हळदीचं बोट लावून. पाहुण्यांनी चपला काढल्या, घोंगडी बघून म्हणाले, "वा, किती दिवसांनी!" आणि वाकले बसायला.

तेवढ्यात सरांनी त्यांच्या पुढ्यातून घोंगडी ओढून उचलली.

"खुर्ची आणा रे कुणीतरी," सर म्हणाले.

"अहो सर, मला खाली चालतं. आवडतं उलट."

"न्हाई. खुर्चीवरच बसा." इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. शेजारून प्लॅस्टिकची खुर्ची आली. पाहुणे गोंधळून बसले. मागं एक म्हातारबाबा पुटपुटले, "धनगराच्या दारात पाहुण्याला घोंगडी न्हाई? काय जमाना आला." भावकीत चुळबूळ झाली. सरांनी ऐकलं असेल, पण मान वळवली नाही. घोंगडीची घडी केली आणि छातीशी धरून भिंतीला टेकून उभे राहिले. कौसाबाई चुलीजवळच्या दारात उभ्या होत्या, पदर तोंडात.

"साहेब," सर म्हणाले, "एकच प्रश्न हाय. बर्फाखाली माणूस गेला, तर त्याला तकलीफ होती का?"

पाहुण्यांनी वर पाहिलं. भिंतीवर सोपानचा वर्दीतला फोटो, हार घातलेला. मग कौसाबाईंकडं पाहिलं, मग सरांच्या हातातल्या घोंगडीकडं. त्यांनी आपली तुटकी बोटं दुसऱ्या हातात धरली.

"नाही," ते म्हणाले. "झोप येते. थंडीसुद्धा कळत नाही. गाढ झोप लागते, बस."

"तुमी बघितलंय?" कौसाबाईंनी विचारलं.

"बघितलंय, ताई."

"बराबर," सर म्हणाले.

कौसाबाई आत गेल्या. मग त्यांनी पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा आणून दिला, पहिला अजून संपला नव्हता. पाहुण्यांनी दोन्ही कप पिऊन टाकले.

त्यानंतर सर शाळेत घोंगडी आणेनासे झाले. विचारलं तर म्हणाले, "हिला लागती घरी." स्टाफरूममध्ये तोवर खुर्च्या आल्या होत्या, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. पुढं मला वसमतच्या शाळेत जागा मिळाली आणि मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. थंडी चांगलीच पडली होती. कौसाबाई ओट्यावर घोंगडीवर बसल्या होत्या, तिचंच एक टोक खांद्यावरून गळ्यापर्यंत ओढून घेतलेलं, आणि तुरीच्या शेंगा सोलत होत्या. खोकला नव्हता. सर त्यांच्या शेजारी उघड्या फरशीवर मांडी घालून शेंगा सोलत होते.

"सांगा ह्यांना," कौसाबाई मला म्हणाल्या. "येवढी घोंगडी पडलीय, पर हिच्यावर बसत न्हाईत. शहाबादी केवढी गार हाय! या की वो हितं."

"असू दे," सर म्हणाले. "हितं बराबर हाय."

"बरं, बाई, तुमी तरी या. बसा." त्यांनी सरकून माझ्यासाठी जागा केली आणि घोंगडी हातानं साफ केली.

मी उभीच राहिले. म्हणाले, "असू द्या वहिनी, माझी एस.टी. निघून जाईल."

एस.टी.ला अजून चांगला तासभर अवकाश होता. सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुढची शेंग हातात घेतली.